घरी जुळलेला सूर देवळात पुन्हा का बिघडतो: टॅबलेटवर जिओश्रेड शिकताना वारंवार येणारी एक अडचण

बेळगावच्या शहापूर भागात आमचे भजनी मंडळ आहे आणि त्यात मी बरीच वर्षे पेटी वाजवतो. मुलीने तिचा जुना आयपॅड मला दिला व त्यावर जिओश्रेड हे ॲप घालून दिले, तेव्हापासून मी हे नवे वाद्य शिकतो आहे. त्या शिकण्यातील एकाच अडचणीविषयी येथे लिहीत आहे, कारण ती सात-आठ महिने माझ्या मागे लागली होती. दर वेळी ती सुटली असे वाटे आणि दर वेळी ती परत येई. घरी तानपुऱ्याबरोबर बसलो की सूर नितळ लागत असे, आणि एकादशीला देवळात वाजवायला घेतले की तेच स्वर तानपुऱ्याशी आणि गाणाऱ्याशी भांडू लागत. खानापूर आणि निपाणीकडच्या ओळखीच्या दोघा वादकांनीही जवळपास याच शब्दांत ही तक्रार सांगितली, म्हणून सगळे सविस्तर मांडतो.

प्रथम हे वाद्य कसे आहे ते थोडक्यात सांगितले पाहिजे. 'ड्रीम थिएटर' या अमेरिकन वाद्यवृंदाचे कीबोर्डवादक जॉर्डन रुडेस यांची विझडम म्युझिक आणि मोफोर्ट या दोन संस्थांनी मिळून ते घडवले आहे. त्यात पांढऱ्या-काळ्या पट्ट्या नाहीत. काचेवर चौकोनी घरांची जाळी असते. माझ्या मांडणीत एका ओळीत उजवीकडचे प्रत्येक घर अर्ध्या स्वराने चढते आणि वरची ओळ खालच्या ओळीपेक्षा मध्यमाइतकी चढी असते. म्हणजे षड्जाच्या बरोबर वरच्या घरात मध्यम, तेथून दोन घरे उजवीकडे पंचम, आणि षड्जापासून दोन ओळी वर व दोन घरे उजवीकडे तार षड्ज. पेटीवर काळी १ आणि पांढरी २ (पेटीच्या ज्या पट्टीवर षड्ज धरतात तिची ही नावे) यांचे हात निराळे बसवावे लागतात. येथे यमनचा हात एकदा बसला की तो कोणत्याही पट्टीत तसाच चालतो. ही सोय मोठी आहे, आणि माझी फसगत नेमकी हिच्यामुळेच झाली, ते पुढे येईल. दुसरा विशेष असा की येथे ध्वनिमुद्रित तुकडे वाजत नाहीत, तारेचे कंपन गणिताने घडवले जाते, त्यामुळे बोट काचेवर सरकले की सूरही सलग सरकतो. ज्याने आयुष्यभर पेटी वाजवली त्याच्या हाताला मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग सरकणे, पहिल्यांदा लागते तेव्हा काय वाटते, हे पेटीवाल्यांना वेगळे सांगायला नको.

सेटिंग्ज उघडण्याआधी कान

सूर बिघडला की मी ताबडतोब सेटिंग्जमध्ये जाऊन काहीतरी बदलत असे, आणि माझी पहिली चूक हीच होती. एक बदल केला की सूर थोडा सुधारल्यासारखा वाटे, पण कोणता बिघाड होता हे कळलेलेच नसे, आणि पुढच्या वेळी तोच बदल उलटा लागू पडे. आमचे पखवाजवादक मामा वयाने आणि अनुभवाने मोठे आहेत. एका संध्याकाळी ते शांतपणे म्हणाले, "मास्तर, सूर पळतोय की बोट पळतंय, ते आधी बघा की." तेथून मी तपासाची पद्धत बदलली.

तानपुरा सुरू ठेवावा. बोट एका जागी स्थिर ठेवून प्रथम षड्ज, मग पंचम, मग शुद्ध गंधार असा एकेक स्वर दहा-दहा सेकंद धरावा. सरकवू नये, कंप देऊ नये, ठेका लावू नये. षड्जच लागत नसेल तर दोष एका जातीचा असतो, षड्ज लागतो पण पंचम लागत नाही तेव्हा दुसऱ्या जातीचा, आणि षड्ज-पंचम लागूनही गंधार खुपतो तेव्हा तिसऱ्या जातीचा. तिन्ही स्वर धरल्यावर नीट लागत असतील आणि वाजवताना मात्र बिघडत असतील, तर दोष सुराच्या मांडणीत नसून बोटांत किंवा बोटांना मिळणाऱ्या मदतीत असतो. एवढ्या अर्ध्या मिनिटाच्या परीक्षेने माझे कित्येक तासांचे चाचपडणे थांबले.

षड्जच लागत नाही तेव्हा

येथे फरक केवढा आहे ते ऐकावे. फरक अगदी बारीक आणि सगळ्या स्वरांवर सारखा असेल, तर ॲपमधील सुराचे मूळ माप तपासावे. ॲप बहुधा ४४० हर्ट्झच्या मापावर लावलेले असते, आणि जुन्या पेट्यांचे सूर त्या मापावर असतीलच असे नाही. मंडळाची पेटी ४४३ वर असेल तर तेवढ्यानेच जवळपास १२ सेंटचा फरक पडतो. अर्ध्या स्वराचे १०० आणि सप्तकाचे १२०० समान भाग केले की त्यातील एक भाग म्हणजे एक सेंट. हा फरक दूर करायला ॲपमधील मूळ माप पेटीप्रमाणे करावे. पेटी ॲपप्रमाणे करता येत नाही. पावसाळ्यात लाकडी तानपुराही उतरतो किंवा चढतो, आणि बेळगावचा पाऊस कसा असतो ते सांगायला नको, तेव्हा ॲपवर बोट ठेवण्याआधी तानपुऱ्याच्या तारा पाहून घ्याव्यात.

फरक मोठा असेल, म्हणजे काळी १ वरचा षड्ज पांढरी २ आणि काळी २ यांच्या मधे कोठेतरी अधांतरी लागत असेल, तर कारण वेगळेच आहे. डिजिटल ध्वनी सेकंदाला ठरावीक वेळा मोजून घडवला जातो. ४४,१०० आणि ४८,००० ही त्याची दोन रूढ मापे आहेत. एका मापाने घडवलेला ध्वनी दुसऱ्या मापाने वाजला तर तो सुमारे १४७ सेंट, म्हणजे जवळपास दीड अर्धस्वर चढतो किंवा उतरतो. माझ्याकडे हे एका तानपुरा-ॲपच्या बाबतीत झाले: ॲप सुरू असताना मी मधेच स्पीकर जोडला आणि तानपुरा चढला. याची हमखास खूण अशी की चढलेल्या सुराबरोबर ठेकाही जलद होतो. चार मिनिटांचे ध्वनिमुद्रण तीन मिनिटे चाळीस सेकंदांत संपते. उपाय सोपा आहे. सगळी संगीताची ॲप पूर्ण बंद करावीत, स्पीकर किंवा हेडफोन आधी जोडावा, आणि मग ॲप उघडावीत. ज्या ॲपमध्ये हे माप निवडता येते तेथे सर्वांना एकच माप द्यावे.

गंधार का खुपतो

माझ्या अडचणीचा अर्धा भाग येथे होता. पेटीवर, कीबोर्डवर आणि कोणत्याही ॲपच्या मूळ मांडणीत सप्तकाचे बारा समान भाग केलेले असतात, म्हणून शुद्ध गंधार षड्जापासून ४०० सेंटवर असतो. तानपुऱ्याच्या खर्जाच्या, म्हणजे सर्वांत खालच्या षड्जाच्या, तारेतून आपोआप उमटणारा गंधार मात्र ३८६ सेंटवर असतो. पंचमाचा फरक केवळ दोन सेंटांचा आहे, तो कानाला जाणवत नाही, पण गंधाराचा १४, निषादाचा १२ आणि धैवताचा १६ सेंटांचा फरक तानपुऱ्यासमोर उघडा पडतो. काळी १ ची पट्टी घेतली तर खर्जाच्या तारेतील गंधार सुमारे ३४६.५ हर्ट्झचा आणि समान भागांच्या मांडणीतला गंधार सुमारे ३४९.२ हर्ट्झचा येतो. दोन्ही एकत्र वाजले की सेकंदाला जवळजवळ पावणेतीन हेलकावे ऐकू येतात. धरलेल्या गंधारावर असा हेलकावा मोजता आला तर निदान पक्के समजावे.

पेटीवर हे आपण पिढ्यान्‌पिढ्या सोसत आलो, कारण एका स्वरावर फार वेळ न थांबता गाणे पुढे सरकते. तरी हा प्रश्न आपल्याच मुलखात फार गांभीर्याने हाताळला गेला आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्या स्वरांच्या आधारे श्रुतींचे, म्हणजे सप्तकातील सूक्ष्म स्वरस्थानांचे, मापन केले आणि श्रुती वाजवू शकणारी पेटीही तयार करवून घेतली. पुढे १९४० साली आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली ती १९७१ पर्यंत टिकली, आणि त्यामागील आक्षेपांत श्रुती व मींड यांचाच मुद्दा मुख्य होता. ज्या गावात पंडित रामभाऊ विजापुरे यांनी आयुष्यभर पेटी वाजवली आणि शिकवली, त्या गावात राहून मी पेटीला कमी लेखणार नाही. परंतु जिओश्रेडमध्ये प्रत्येक स्वराचे स्थान हलवता येते, शुद्ध स्वरांतरांची, म्हणजे तानपुऱ्यातून उमटणाऱ्या स्वरांशी जुळणारी, मांडणी निवडता येते, आणि ज्या आक्षेपावर पेटीला एवढी वर्षे बाहेर बसावे लागले तो आक्षेप येथे एका निवडीत दूर होतो. ती निवड मी केली, गंधार तानपुऱ्यात विरघळला, आणि प्रश्न संपला असे मी धरून चाललो.

पट्टी बदलली आणि अडचण परत आली

पुढच्या एकादशीला पहिला अभंग सुरू झाला आणि पंचम उतरलेला लागला. गंधार नव्हे, पंचम, जो आजवर कधी बिघडला नव्हता. पेटीवर तर पंचम बिघडण्याचा प्रश्नच येत नाही. मी घरी परत आलो, तपासले, सगळे नीट. त्यानंतरच्या आठवड्यात एका बाईंनी काळी ४ मध्ये गायले तेव्हा पंचम उत्तम लागला, पण रिषभ पडला. त्याच बैठकीत मालकंसातले एक भजन निर्दोष वाजले. याचे सूत्र मला बरेच दिवस सापडले नाही.

सूत्र असे आहे. बारा समान भागांच्या मांडणीत कोणत्याही स्वरावर षड्ज धरला तरी अंतरे तीच राहतात. पेटीच्या त्या तडजोडीचा मोठा गुण हाच आहे, आणि स्केल चेंजर पेटी, म्हणजे पट्ट्या सरकवून षड्ज बदलता येणारी पेटी, त्याच गुणावर चालते. शुद्ध स्वरांतरांची मांडणी मात्र एकाच षड्जाभोवती बांधलेली असते. मी ती घरी माझ्या काळी १ वर बांधली होती. देवळात बुवा काळी २ मध्ये गातात. मी फक्त हात दोन घरे उजवीकडे नेला, कारण आकृती तीच राहते, आणि ॲपला मात्र षड्ज बदलल्याचे कळलेच नाही. आता माझा षड्ज म्हणजे ॲपच्या हिशेबाने रिषभ, २०४ सेंटवर, आणि माझा पंचम म्हणजे ॲपचा धैवत, ८८४ सेंटवर. दोहोंतील अंतर ६८० सेंट भरते, तर पंचम ७०२ हवा. तब्बल २२ सेंटांनी पंचम उतरतो, आणि षड्ज जवळपास बरोबर असल्यामुळे शंका षड्जावर जात नाही. काळी ४ मध्ये माझा षड्ज हा ॲपचा पंचम होतो. तेथे पंचम, मध्यम, गंधार सगळे जुळतात, फक्त रिषभ १८२ सेंटवर येऊन २२ सेंटांनीच उतरतो. मालकंसात रिषभच नाही, म्हणून तेथे दोष लपून राहिला. घरी सूर कधीच का बिघडला नाही, तेही आता स्पष्ट झाले: घरी मी नेहमी माझ्याच पट्टीत वाजवत होतो.

म्हणून हा नियम मी स्वतःला घालून घेतला आहे, आणि शिकणाऱ्या प्रत्येकाने तो घालून घ्यावा असे आग्रहाने सांगतो: गाणाऱ्याची पट्टी विचारल्याशिवाय आणि ती ॲपमध्ये आधारस्वर, म्हणजे मांडणीचा षड्ज, म्हणून निवडल्याशिवाय पहिला स्वर छेडू नये. प्रत्येक अभंगाआधी मेन्यू शोधत बसणे बैठकीत शक्य नसते, तेव्हा मी काळी १, काळी २, पांढरी ४ आणि काळी ४ अशा चार निरनिराळ्या जतन केलेल्या मांडण्या करून ठेवल्या आहेत आणि त्यांना पट्टीचीच नावे दिली आहेत. नवीन मांडणी केली की तिची परीक्षा गंधारावर करू नये, कारण चुकीच्या आधारस्वरावरही गंधार योगायोगाने जुळू शकतो, जसा काळी ४ मध्ये जुळला. रिषभ आणि पंचम हे दोन्ही धरून पाहावेत. धैवताचे स्थान रागाप्रमाणे बदलते, तेव्हा तो कानाने आणि गुरूच्या सांगण्याने ठरवावा.

धरलेला स्वर बरोबर, चालता स्वर चुकीचा

येथे दोन गोष्टी एकमेकींत मिसळतात. काचेवर बोट घराच्या नेमक्या मध्यावर पडत नाही, म्हणून ॲपमध्ये सूर जवळच्या घरावर ओढून नेण्याची सोय असते आणि ही ओढ किती जोरात व किती वेगाने लागावी ते ठरवता येते. ओढ पूर्ण बंद केली तर नवशिक्याचा प्रत्येक स्वर थोडा इकडे-तिकडे पडतो. ओढ फार जलद ठेवली तर मींड सरकत न जाता जिना उतरल्यासारखी पायरीपायरीने जाते, आणि दरबारीचा आंदोलित गंधार तर उरतच नाही, कारण बोट आंदोलन घेऊ लागले की ॲप त्याला परत घरात बसवते. मी सरावाच्या पहिल्या दोन महिन्यांत ओढ जलद ठेवली होती आणि माझी मींड चुकते आहे असे समजत राहिलो. आता साध्या अभंगांसाठी ती मध्यम आणि रागविस्तारासाठी अगदी मंद ठेवतो, म्हणजे बोट थांबल्यावरच सूर सावकाश जागेवर येतो.

दुसरी गोष्ट पेटीवाल्यांपुरती आहे. पेटीवर बोटे पट्ट्यांवर टेकून ठेवायची सवय असते, कारण दाबल्याशिवाय ती वाजत नाही आणि भाता थांबला की सगळेच थांबते. काचेला टेकलेले बोट म्हणजे वाजलेले बोट. माझी करंगळी शेजारच्या घराला हलकेच लागून एक परका स्वर मिसळत असे आणि मला तो बेसूर वाटे. यावर सेटिंग नाही. बोटे उचलून धरण्याचा सरावच करावा लागतो. मी रोज दहा मिनिटे एकाच बोटाने आलाप करतो, तेवढ्याने महिन्याभरात बराच फरक पडला. पावसाळी दमट हवेत बोटे ओलसर असतात आणि काच स्पर्श सोडते किंवा भलतीकडे धरते, म्हणून मांडीवर कोरडा सुती रुमाल असावा.

सूर बरोबर पण ठेक्यात उशीर

ही सुराची तक्रार नसली तरी देवळात ती सुराचीच वाटते, कारण उशिरा आलेला स्वर पुढच्या स्वरावर पडतो. ब्लूटूथ स्पीकर वापरला तर बोट टेकल्यापासून आवाज येईपर्यंत सुमारे पाव सेकंदापर्यंत वेळ जाऊ शकतो. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत एक मात्रा अर्ध्या सेकंदाची असते, म्हणजे स्वर जवळजवळ अर्धी मात्रा मागे पडतो. हवेतून आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो हे लक्षात घेतले, तर ०.२ सेकंदाचा उशीर म्हणजे आपला स्पीकर जवळपास ७० मीटरवर, देवळाच्या आवाराबाहेर ठेवण्यासारखे आहे. वादनासाठी तारेनेच जोडावे, याला दुसरा इलाज नाही. जुन्या आयपॅडला हेडफोनचे छिद्र असते. नव्याला जोडणी घ्यावी लागते.

चार-पाच बोटे एकदम टेकली की ॲपच नाहीसे होऊन दुसरा पडदा समोर येतो, ही तक्रारही अनेकांची आहे. सेटिंग्जमधील मल्टिटास्किंग व जेश्चर्स या भागात चार आणि पाच बोटांच्या खुणा बंद केल्या की हे थांबते. बैठकीआधी डू नॉट डिस्टर्ब सुरू करावे, नाहीतर अभंगाच्या मध्यात घंटी वाजते.

शेवटचे कारण आमच्या देवळातल्या भिंतीत निघाले. जुन्या वायरिंगच्या प्लगला चार्जर लावून वाजवत असताना स्पीकरमधून घुंईं असा आवाज येई आणि कधीकधी बोट न लावताच कोपऱ्यातला एखादा स्वर आपोआप वाजे. स्वस्त चार्जरमुळे आणि अर्थिंग नसलेल्या प्लगमुळे काचेच्या स्पर्शमापनात असा गोंधळ होतो. आता मी टॅबलेट घरी पूर्ण चार्ज करून नेतो, देवळात चार्जर पिशवीतून काढतच नाही, आणि बैठकीला बसल्यावर आधी बुवांना विचारतो, "आज पट्टी कुठली, बुवा?"